पदवीवरचं अक्षर

"काका, इतकं सुंदर अक्षर तुम्हाला कुणी शिकवलं?" मुलाखत घ्यायला आलेल्या मॅडमनी विचारलं आणि टेबलावरचा रेकॉर्डर थोडा पुढे सरकवला.

विद्यापीठाला शंभर वर्षं पुरी होत होती. जुन्या माणसांना बोलतं करून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या अशी टूम निघाली होती, आणि त्यात मोतीरावांचा नंबर पहिल्या दहांत लागला होता. मोतीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. परीक्षा विभागात तीस वर्षं त्यांनी पदवीच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहिली, तीही अशी की बघणाऱ्याने बघतच राहावं, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. आता नव्या दालनात त्यांचा फोटो लागणार होता. खाली पाटी, 'या हातांनी चाळीस हजार पदव्या लिहिल्या.' मॅडमनी ती आल्या आल्या वाचून दाखवली, तेव्हापासून मोतीरावांची नजर सारखी मॅडमच्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

कारण मॅडमच्या पाठीमागे, आतल्या खोलीच्या दारात, त्यांची बायको उभी होती. ओठांवर बोट ठेवून ती डोळे वटारत होती. 'शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं, एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं,' असं तिने सकाळपासून तीनदा बजावलं होतं.

मोतीरावांनी पेलाभर पाणी संपवलं. एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी बायकोचा शब्द सहसा मोडला नव्हता. त्यात शहाणपण किती आणि भीती किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण फोटो भिंतीवर लागणार, आपण गेल्यावरही तिथेच राहणार, आणि खाली ती पाटी. हे काही त्यांच्या मनाला पटेना.

"ते अक्षर माझं नाही," ते म्हणाले. "हिचं आहे."

दारात कपाळावर हात मारल्याचा आवाज झाला. तोही रेकॉर्ड झाला असणार.

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"नोकरीला चार वर्षं झाली होती. सायकलवरून पडलो. उजवं मनगट मोडलं, ते बसवलं तेही वाकडं. पदवीदान अठरा दिवसांवर, आणि अकराशे प्रमाणपत्रं कोरी. मी डोक्याला हात लावून बसलो, अर्थात डावा. ही म्हणाली, आणा इकडे ते गठ्ठे. हिनं पहिलं नाव लिहिलं आणि मी गारच पडलो. मला लोक मोतीराव म्हणायचे, पण खरे मोती मी त्या दिवशी पाहिले."

"आणि नंतर?"

"त्या वर्षापुरतंच ठरलं होतं. पुढे सव्वीस वर्षं झाली. ऑफिसात गोंगाट असतो, हात हलतो, असं सांगून गठ्ठे घरी आणायचो."

"पण ऑफिसातलं रोजचं लिहिणं? ते कुणी बघितलं नाही?"

"बघितलं की. कुत्र्याचे पाय मांजराला. पण कलावंताचं रोजचं अक्षर असंच असतं, अशी सगळ्यांनी आपली समजूत करून घेतली."

बायको तरातरा बाहेर आली. रागावलेली कमी आणि घाबरलेली जास्त.

"मॅडम, यांचं काही ऐकू नका. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या पोरांच्या पदव्या आता खोट्या ठरल्या तर? कुणी डॉक्टर झालंय, कुणी जज्ज झालंय. चाळीस हजार माणसांना परत परीक्षेला बसवणार का तुम्ही?"

मॅडमना हसू आवरेना. "काकू, पदवी खरी ठरते ती सहीनं. खालची सही कुलगुरूंचीच होती ना?"

"हो, ती त्यांचीच. तेवढं मी केलं नाही."

यावर मोतीरावही हसले. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

"माझ्या आईची पदवी आमच्या बाहेरच्या खोलीत लावलीय," मॅडम म्हणाल्या. "लहानपणी मी त्यावर बोट फिरवून अक्षरं गिरवायची."

बायकोने साल विचारलं. मॅडमनी सांगितलं. तिला ते वर्ष लगेच आठवलं.

"त्या वर्षी कागद वाईट आला होता. शाई फुटायची. नीट आलंय ना गं आईचं नाव?"

"फार छान आलंय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी वहीतली पाटीची ओळ खोडली, पिशवीतून संमतीपत्राचा एक कोरा कागद काढला आणि खुर्ची पुढे ओढली. "काकू, आता मुलाखत तुमची. बसा. आणि इथे आधी नाव लिहा."

बायको बसली. तिने हात पुसले, कागद टेबलाच्या कडेशी सरळ लावला, रेघेची लांबी बोटांनी मोजली आणि पेन उचललं.

"कुणाचं लिहू?" तिने सवयीने विचारलं.

"तुमचं," मॅडम म्हणाल्या.

तिने रेघेची लांबी पुन्हा एकदा मोजली. मग लिहू लागली. एकेक अक्षर, घाई न करता, वरची रेघ शेवटी एका दमात ओढून.

साध्या बॉलपेनची शाई, ती काही वाळवावी लागत नाही. तरी मोतीराव खुर्चीतून पुढे वाकले आणि त्या नावावर हलकेच फुंकर घालू लागले. सव्वीस वर्षं तेवढं काम त्यांच्याकडे होतं.