दमलेला जिना

उभं राहून राहून दमलेल्या जिन्याची गोष्ट मुळात लेकीची. चार वर्षांची असताना बादलीत हात खळबळवत तिने ती एका दमात सांगितली होती. आईने ती वहीत उतरवली आणि दुपारी लेक झोपली की घासूनपुसून वर्षभर लख्ख करत राहिली.

"झाली का माझी गोष्ट?" उठल्या उठल्या लेक विचारायची.

"नीट नाही झाली अजून."

पहिला खर्डा वाचून त्याचं पुस्तक करायचं ठरवलेल्या संपादकबाईंचा आज फोन आला. "भाषा घोटीव झालीय हो, पण पहिल्या खर्ड्यातली गंमत पार उडाली. ती परत येत नसेल, तर पुस्तक राहू दे."

आई तडक लेकीपाशी जाऊन बसली. "राणी, ती जिन्याची गोष्ट परत सांग ना. अगदी पहिल्यासारखी."

लेकीने तोंड उघडलं, थोडा विचार केला आणि मिटलं.



"नीट नाही झाली अजून."