पहिला नारळ

जानीने नारळ हातात घेतला, समोरच्या दगडाकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

“फोड गो जाने,” काळूराम म्हणाला. “मुहूर्त चाललाय.”

सिद्धगडाच्या पायथ्याशी काळूरामचं भाताचं शेत होतं. तिथे आता मुंबईच्या पाहुण्यांसाठी फार्महाऊस बांधायचं होतं. भटजींची पूजा आटोपली होती, मुरबाडहून आलेली मंडळी खुर्च्यांवर बसली होती, जेसीबीला झेंडूची माळ घातली होती. फक्त पहिला नारळ राहिला होता. घरासाठी जमीन फोडायची तर पहिला नारळ वाडीतल्या कातकऱ्याने फोडायचा, ही त्या गावाची रीत. बाकी सगळे मागाहून आले, जागेचा देव ओळखतो तो कातकऱ्यांनाच, असं जुने लोक सांगत. तो मान सावळ्याचा होता. सावळ्या गेला, तेव्हा वाडीतलं वडील माणूस म्हणजे त्याची बायको जानी. बाईने नारळ फोडू नये, असं भटजी हळूच म्हणून बघत होते. काळूरामने ऐकलं न ऐकलंसं केलं. देवाशी वाकडं घ्यायची त्याची तयारी नव्हती.

जानीशी वाकडं घ्यायला मात्र त्याने मागेपुढे पाहिलं नव्हतं. तिची झोपडी याच शेताच्या कडेला होती, आणि पाहुण्यांचा पोहायचा तलाव नेमका तिथेच यायचा होता. होळीच्या आत झोपडी हलव, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. कुठे हलव, ते सांगितलं नव्हतं. कातकऱ्याचं बिऱ्हाड काय, डोक्यावर मावतं, असं तो म्हणे.

खोळंबा झाला तशी काळूरामची मुलगी भूमिका पुढे आली. ती कॅनडातून सुट्टीला आली होती. तिथलं नागरिकत्व मिळवायला तिने त्या लोकांचा सगळा इतिहास पाठ करून परीक्षा दिली होती, आणि पाठ केलेलं कुठेतरी म्हणून दाखवावंसं माणसाला वाटतंच. तिने मंडळींना हौसेने सांगितलं, की कॅनडातही अगदी हीच रीत आहे. तिथे आधी मूळचे लोक होते, मग फ्रेंच आले, मग इंग्रज, मग साऱ्या जगातून आमच्यासारखे. आता तिथे कसलाही कार्यक्रम असो, आधी कुणीतरी उभं राहून सांगतं, की आपण बसलोय ती जमीन मूळची अमक्या लोकांची आहे. मंडळींनी माना डोलावल्या. एकाने टाळीसुद्धा वाजवली.

जानी कान देऊन ऐकत होती.

“मंग ती जमीन त्यांना परत देतात का, बाय?” तिने विचारलं.

खुर्च्यांमध्ये कुणीतरी हसलं. भूमिकाचा मात्र चेहरा उतरला. लहानपणी पावसात ओढा भरला की याच जानीच्या पाठीवर बसून ती शाळेत गेली होती. तिच्याशी खोटं बोलणं तिला जमेना.

“नाय मावशी,” ती म्हणाली. “बहुतेक नुसतं बोलतात.”

मग बापाकडे न बघता तिने पुढचंही सांगून टाकलं. तिथल्या काही लोकांनी जागा सोडली नाही. ते रस्ते अडवून बसले, कोर्टात गेले, म्हातारे मेले तेव्हा त्यांची पोरं भांडत राहिली. अशांतल्या काहींना मिळाली.

“भूमे, पुरे झालं,” काळूराम म्हणाला.

जानीने नारळ पदरात घेतला आणि ती बांधावरून चालायला लागली. काळूरामने हाक मारली, ती वळली नाही. त्याने जेसीबीवाल्या मंगळ्याला खोदायला सुरुवात कर अशी खूण केली. मंगळ्याने हात मांडीवरून उचलला नाही. तोही त्याच गावचा होता.

झोपडीच्या दारात उंबरा म्हणून एक काळा दगड आडवा टाकलेला होता. जानीने तो पाण्याने धुतला, त्यावर चार तांदूळ ठेवले, पदर खोचला. सावळ्या नव्या घराच्या जागी जे म्हणायचा तेच ती म्हणाली, पण खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“जागेच्या देवा, ज्याचं घर त्याला हितून हलवू नको.”

आणि तिने नारळ त्या दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं झाली.

खोबऱ्याचे तुकडे पळसाच्या पानावर घेऊन ती परत आली. पहिला मान जमीनवाल्याचा, म्हणून सरळ काळूरामसमोर उभी राहिली. तिच्या मनात भीती नव्हती असं नाही. तरी तिने पान पुढे केलं.

“फोडला नारळ,” ती म्हणाली. “परसाद घ्या, शेट.”

हा प्रसाद ज्याने खाल्ला त्याने त्या घरावर पुन्हा हात टाकायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि देवाचा प्रसाद नाकारलेला माणूस गावात अजून कुणी पाहिलेला नव्हता. काळूरामने भटजींकडे पाहिलं. भटजी ताम्हन पुसत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. निर्मलाने डोक्यावरचा पदर सारखा केला, उजव्या हाताखाली डावा धरला, एक तुकडा घेऊन कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. तिच्या मागून भूमिकाने घेतला.

काळूरामने घड्याळ पाहिलं. मुहूर्त टळून गेला होता. मंडळींना मुरबाडला परतायचं आहे, त्यांना आधी दे, असं तो पुटपुटला.

जानी हलली नाही. पान त्याच्यासमोर धरून ती तशीच उभी राहिली. तिला कुठे जायचंच नव्हतं.