धौला कुआँहून डावीकडे

ती खुर्ची जरा अलीकडे ओढा आणि ऐका. हौसाबाईनं ऐन संक्रांतीला नवऱ्याला भर रस्त्यात कसं उतरवलं, ते सांगतो. सगळं सांगतो, पण मधे बोलायचं नाही.

सकाळची वेळ. धुकं. दिल्लीत मोतीबागेकडून गाडी निघालेली आणि स्टिअरिंगवर हौसाबाई. साठी ओलांडलेली बाई, स्वेटरवर शाल, शालीवर सीटबेल्ट. शेजारी तात्यासाहेब, रिटायर्ड सुभेदार, मांडीवर झेंडूचं हे एवढं पुष्पचक्र. दिल्लीतली मराठी माणसं दर संक्रांतीला पानिपतला जातात, काला अंबच्या स्मारकाला. आपली माणसं पडली तिथे डोकं टेकवायला. मंडळाची बस पुढे गेलेली, तीत त्यांचा पोरगा पृथ्वीराज. तात्यासाहेबांचे डोळे आता गाडीच्या कामाचे राहिले नाहीत, म्हणून बायको चालवते. शिकवली त्यांनीच, छावणीच्या मैदानात, शिव्या देत देत.

धौला कुआँचा चौक आला. पानिपतला जायचं तर सरळ. बाईनं इंडिकेटर दिला डावीकडे.

"अगं ए! हा गुडगावचा रस्ता. सरळ घे, सरळ!"

"माहीत आहे."

"मग वळतेस कशाला?"

"विजयदुर्गाला जायचंय."

तात्यासाहेब हसले. हसता हसता मागे वळून पाहिलं, तर मागच्या सीटवर बॅगा, पाण्याचा कॅन, लोणच्याची बरणी. हसू तिथंच राहिलं.

बाई महिनाभर सांगत होती, बरं का. जयपूर, उदयपूर, सुरत, मग अलिबागपासून किनारा धरायचा. मुरूड, हर्णै, जयगड, प्रत्येक बंदरात थांबायचं, प्रत्येक किल्ला बघायचा, थेट विजयदुर्गापर्यंत. गाडी मी चालवणार, म्हणत होती. घरातले सगळे हो हो म्हणाले. हो म्हणजे ऐकलं, असं थोडंच असतं?

"आज? आजच्या दिवशी?" तात्यासाहेबांचा आवाज चढला. "तिकडे आपली माणसं मेली, हौसा. आणि तुला समुद्र बघायचाय?"

"माझी माणसं तिकडे नाही मेली. मी देवगडची. आमचे गलबतावर होते. विजयदुर्गाला आपलं आरमार जळलं, तेव्हा समुद्रातून तोफा इंग्रजांच्या. आणि जमिनीवरून चालून कोण आलं होतं? सांगा की. दरवर्षी भाषण करता तुम्ही."

त्यांना ठाऊक होतं. पेशव्यांची फौज. आपलीच. ते चक्राची फुलं नीट करायला लागले.

"तिथे कार्यक्रम कुठला असतो," शेवटी म्हणाले. "ना मंडळ, ना मंडप."

"म्हणून तर जायचंय. तुमच्या माणसांसाठी मी लग्न झाल्यापासून रडतेय. माझ्या माणसांसाठी एकदा गप्प उभे राहा, बस."

"विमानानं जाऊ ना. पुढच्या वर्षी. गोव्याला उतरू, टॅक्सी करू..."

"तुमचं पुढचं वर्ष माहीत आहे मला."

"गाडी थांबव!" आवाज परेडवरचा.

थांबवली. महिपालपूरच्या अलीकडे, कडेला. डोक्यावरून विमान गेलं, काचा थरथरल्या. तेवढ्यात पृथ्वीराजचा फोन. बाईनं स्पीकरवर टाकला.

"आई, कुठे आहात यार? मुरथलच्या ढाब्यावर पराठे सांगितलेत. चक्र बाबांकडे आहे, सगळे थांबणार."

"बाबा येतायत टॅक्सीनं. मी समुद्राला चाललेय."

"एकटी? तू? हायवेला? अच्छा, सुन, तू तिथेच थांब, बिल्कुल हलू नको..."

बाईनं फोन बंद केला.

तात्यासाहेब उतरले. चक्र काखेत, दार धाडकन. उतरले, पण गेले कुठे? बोनेटपुढेच उभे राहिले, छाती काढून. वाटलं असेल, बाई विरघळेल. इतकी वर्षं विरघळतच आली होती ना.

ट्रॅफिकवाला आला. "माताजी, गाड़ी आगे लो. और अंकल, आप बीच में क्यों खड़े हो?"

"ये मेरी बीवी है."

"तो?"

तात्यासाहेबांनी चक्र दुसऱ्या काखेत घेतलं.

बाईनं काच खाली केली. मफलर, गोळ्यांची डबी आणि थोडा तिळगूळ बाहेर धरला. "सकाळची गोळी राहिलीय. पराठ्याच्या आधी घ्या. आणि बाजूला व्हा."

त्यांनी सगळं घेतलं. खिडकीशी वाकले. आवाज आता परेडवरचा नव्हता. "हौसा, मी नसलो तर रस्ता कोण सांगणार तुला?"

"समुद्र उजव्या हाताला ठेवायचा की झालं."

ते बाजूला झाले. गाडी पहिल्यांदा हिसका खाऊन बंद पडली. बाईनं परत स्टार्टर मारला, दात आवळले आणि ट्रकांच्या रांगेत घुसली. आरशात तात्यासाहेबांचा एक हात वर गेलेला दिसला. टॅक्सीला केला की तिला, धुक्यात कळलं नाही, आणि बाईनंही गाडी हळू केली नाही.

आता ती जयपूरच्या पुढे कुठंतरी असेल. तुमचं त्या रोडवर सारखं जाणं-येणं, म्हणून तुम्हाला सांगितलं. पांढरी गाडी, दिल्लीचा नंबर, चाल सावकाश. दिसली तर मागून हॉर्न मारू नका, थांबवून काही विचारू तर अजिबात नका. नुसतं बाजूनं पुढे काढताना शेजारच्या सीटवर मफलरवाले तात्यासाहेब बसलेत का बघा, आणि मला एक फोन करा.