नानांची बॅचलर पार्टी

रामकुंडावर नानांच्या दहाव्याचा पिंड तासभर तसाच पडून होता. कावळे भिंतीवरून हलेनात. “काही इच्छा राहिली असेल, बोला,” गुरुजी म्हणाले. “कुंदनचं लग्न ठरल्या तारखेलाच करू!” काका ओरडले. “आईला मी सांभाळेन,” दिशा म्हणाली. कावळे ढिम्म. तिचा भाऊ कुंदन पिंडाकडे बघत उभा होता. त्याची बॅचलर पार्टी आखायला नाना हौसेने बसले, तेव्हा मित्रांसमोर तो हसला होता, “नाना, त्यात वडील नसतात हो!” ऊन चढलं. आईचा धीर सुटला. दिशाने नानांच्या खिशात सापडलेला कागद कुंदनच्या हातात कोंबला. “काहीतरी बोल रे!” त्याने वाचलं, ‘पार्टीचा बेत: चुलीवरची मिसळ, जिलबी, गाणी पोरांच्या पसंतीची.’ खाली बारीक अक्षरांत: ‘मीही येऊ? मिसळ खाऊन लगेच निघेन. कुंदनला विचारणे.’ पिंडासमोर गुडघे टेकून तो ओरडला, “नाना, लगेच निघायचं नाही!” आणि कावळा शिवला.