संत्र्याची सालं

फावड्याच्या टोकाशी संत्र्याचं अर्धं साल आलं आणि त्यातून एक पिवळी गोळी घरंगळली.

त्याने ती उचलली. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस तो. गोळी ओळखायला त्याला चष्मा लागत नव्हता. बायकोची सकाळची गोळी. हात थरथरतो, त्यावरची. पडली असेल चुकून, असं म्हणत त्याने ती खिशात टाकली आणि पुन्हा खताचा ढीग वरखाली करू लागला. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून त्याचा पाय एका जागी ठरत नसे. गुलाब छाटून झाले, कुंड्या उन्हात सरकवून झाल्या, पाण्याची नळी गुंडाळून झाली, आणि अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

आणखी एक साल आलं. दोन अर्ध्या वाट्या एकमेकींत नीट बसवलेल्या. त्याने त्या उघडल्या. आत दोन गोळ्या.

मग फावडं टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनीच उकरायला लागला. काही गोळ्या शाबूत होत्या, काहींचा सालीला नुसता पिवळा डाग उरला होता. ओंजळ भरत आली तेव्हा तो थांबला. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांना त्यानेच गळ घातली होती, "काडीचा गुण नाही, डॉक्टर. डोस वाढवा." एकीच्या दोन गोळ्या झाल्या होत्या.

बायको पलीकडच्या वाफ्यात कांद्याची रोपं लावत होती. उजवा हात थरथरत होता. तो मातीत टेकवून, जरा थांबून, ती एकेक रोप सरळ खोचत होती. तो ओंजळ घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"हे काय आहे?"

तिने मान वर करून पाहिलं. "तुम्ही मला विचारताय? जन्म गेला विकण्यात."

"अगं, चेष्टा सुचतेय तुला? रोज मी स्वतः देतो. समोर उभा राहतो. तू गिळतेस."

"गालात धरते. तुम्ही पेपर आणायला फाटकाशी जाता ना, तेवढ्यात काढते." मीठ कुठल्या बरणीत आहे हे सांगावं, तसं तिने सांगितलं.

"कधीपासून?"

"पहिले पंधरा दिवस घेतली. मग नाही."

"आणि मी तिकडे डॉक्टरांच्या मागे लागलोय! उद्या खरंच दुप्पट डोस एकदम पोटात गेला असता म्हणजे? काय झालं असतं, काही कल्पना आहे?"

तो कुंपणापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. त्या गोळ्यांचं काय करावं ते त्याला कळेना. खाली टाकवेनात, हातात धरवेनात. शेवटी सगळ्या त्याने शर्टाच्या खिशात कोंबल्या.

"अहो, बसा आधी. रोपं तुडवाल."

तो बसला नाही.

"त्या पंधरा दिवसांत," ती म्हणाली, "मी ओट्याशी उभी होते आणि गॅस कशाला पेटवलाय तेच आठवेना. बहिणीचा फोन आला तर तिचं नाव जिभेवर येईना. सख्ख्या बहिणीचं! हात थरथरतो तर थरथरू दे. चहा सांडेल, दुसरं काय. पण डोकंच जागेवर नसेल तर मी करू काय?"

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला?"

"मला! डॉक्टरांना!"

"डॉक्टर मला विचारतात, 'काकू, कसं वाटतंय?' आणि तुम्ही सांगता, 'बाकी बरं आहे तिला, हात तेवढा थांबत नाही.' चार वेळा गेलो आपण. चारही वेळा मी पर्स सांभाळत बसले."

असं काही नाही, म्हणायला त्याने तोंड उघडलं. डॉक्टरांची ती खोली डोळ्यांपुढे आली. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसलेला तो, मांडीवर फाइल. शेजारच्या खुर्चीतली ती. त्या खोलीतला तिचा आवाज काही त्याला आठवेना.

तो पालथ्या बादलीवर बसला. लगेच उठला. खिशातून फोन काढून त्याने डॉक्टरांचा नंबर लावला.

"बोला काका. काकू काय म्हणतायत?"

"डॉक्टर, तिने ना..." तो थांबला. ती वाफ्यातून त्याच्याकडे बघत होती, मनगटापर्यंत मातीने भरलेली. "एक मिनिट हं, डॉक्टर."

त्याने वाकून फोन तिच्या कानाला लावला. तिने घसा साफ केला.

"हॅलो, मी बोलतेय," ती म्हणाली, आणि मग बोलतच राहिली. ओट्याचं सांगितलं, बहिणीच्या नावाचं सांगितलं. एकदा भरदुपारी आपलीच गल्ली ओळखू येईना म्हणून ती कोपऱ्यावर उभी राहिली होती, तेही सांगितलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. गोळीचं नाव सांग, डोस सांग, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याची कंबर भरून आली. फोन तिच्या कानापासून न हलवता त्याने हात बदलला.

पलीकडून डॉक्टर बराच वेळ काहीतरी सांगत होते. ती फोनला मान डोलावत होती. आता झालं, असं वाटून तो सरळ व्हायला लागला.

तिने मातीच्या बोटांनी त्याची बाही ओढली.

"आणि डॉक्टर," ती म्हणाली, "अजून एक सांगायचंय."