म्लिंझीची रजा

सकाळी नऊ वाजता केनियातल्या किसुमूच्या बँकेतलं कर्जमंजुऱ्या तपासणारं यंत्र, म्लिंझी, चौदा दिवसांच्या सक्तीच्या रजेवर गेलं. त्याच्या जागी मुख्य कार्यालयातली तपासनीस नफुला बसली. रजेवरच्याचं काम दुसऱ्याने केलं की झाकलेलं उघडं पडतं, म्हणून हा नियम बँकेत सगळ्यांनाच होता.

“यंत्राला कसली रजा? सरोवरावर मासे धरायला गेलंय का ते?” शाखाप्रमुख ओदोंगो हसले. “संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही, तर त्याला परत बोलावतो. मग तुमच्या खुर्चीचीही गरज नाही, मॅडम.”

“तोवर तरी बसू द्या, सर.”

तिने म्लिंझीचा अर्ज पुन्हा वाचला. नियमाने त्याची रजा डिसेंबरात होती, पण त्याने ती आत्ता मार्चमध्येच मागून घेतली होती. कारण दिलं होतं: ‘या शाखेच्या मंजुऱ्यांत माझी फसगत झाली असावी. माणसाने तपासावं.’

आपण होऊन असं लिहिणारा सहकारी तिला वीस वर्षांत भेटला नव्हता.

दुपारी एकपर्यंत तिने तीनशे बारा मंजुऱ्या तपासल्या. एकही चुकीची निघाली नाही. रजेचे अर्जही म्लिंझीच्याच जागेवर यायचे; सव्वा वाजता तिच्यापुढे ओदोंगोंचा अर्ज आला: सोमवारपासूनची त्यांची स्वतःची सक्तीची रजा पुढे ढकलावी.

नफुलाने तो नामंजूर केला आणि तीनशे तेरावी मंजुरी उघडली.