राहिलेली सहल

गणवेशाचं वरचं बटण लागेना, तशी जोम-सुन आणखीच भडकली.

"ओढू नका हो आजी, भाड्याचा आहे," दुकानातली मुलगी म्हणाली.

"मग माणसांच्या मापाचे ठेवा की!"

ग्यॉन्गजूच्या राजांच्या थडग्यांसमोरचं ते दुकान सकाळपासून आज्यांनी फुललं होतं. एका शाळेच्या आज्या बाहेर पडल्या की दुसऱ्या शाळेच्या आत. सगळ्यांना तोच काळा गणवेश, तीच पांढरी कॉलर, कानाखाली कापलेल्या केसांचा तोच टोप. शाळेत असताना झालेली सहल म्हातारपणी पुन्हा करायची, ही हल्लीची टूम. जोम-सुनला पुन्हा वगैरे काही करायचं नव्हतं. तिची सहल झालीच नव्हती.

तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सहलीच्या आदल्या दिवशी गुरुजींचं मनगटी घड्याळ हरवलं आणि वर्गाच्या मॉनिटरने तिच्याकडे बोट दाखवलं. वर्ग ग्यॉन्गजूला गेला, जोम-सुन फलाटावर राहिली. घरी बापाने आधी चोपलं, मग शाळेतून काढून दैगूच्या सूतगिरणीत धाडलं. दैगूहून ग्यॉन्गजू तासाभराच्या अंतरावर, पण पंचावन्न वर्षांत तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या महिन्यात वर्गातल्या पिल-नेचा फोन आला, "सगळ्या जमतोय गं, मॉनिटरपण येतेय." जोम-सुनने तिथल्या तिथे होकार दिला. तिला ना थडगी बघायची होती ना देवळं. तू काही केलं नव्हतंस, एवढं त्या बाईच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यात आज आगगाडीला उशीर झाला. ती दुकानाबाहेर येते न येते तोच शिट्टी फुंकणाऱ्या गाईडने दंडाला धरून तिला बसमध्ये चढवलं.

"किती वेळ नटताय आजी! समुद्र काय तुमच्यासाठी थांबणारे?"

बसमध्ये तीसेक टोप आणि तीसेक सुरकुतलेले चेहरे. आता यात कोणाला ओळखायचं? पिल-ने दिसत नव्हती, पण ती जन्माची वेंधळी, मागच्या बसमध्ये असेल. बरं, नावाने हाक मारून बघावी, तर पोरं झाल्यावर बाईचं नाव घेतंय कोण? ही यंग-होची आई, ती सू-जिनची आई. शेजारणीने उकडलेलं अंडं सोलून पुढे केलं.

"घे गं. तू कोणाची आई?"

"कोणाचीच नाही," जोम-सुनने तोडून टाकलं. "मॉनिटर कुठली?"

"ती काय पुढे, दंडाला पट्टी बांधलेली. अजून हुकूम सोडते बघ."

पट्टीवाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. "खिडकीबाहेर हात काढू नका! कचरा पिशवीत!" तिचा आवाज ऐकूनच जोम-सुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरून डोंगर गेले, भातखाचरं गेली. तिने काही पाहिलं नाही. अंडं तिच्या मुठीत चेंदून गेलं.

समुद्रावर गार वारा सुटला होता. पाण्यातल्या खडकाखाली जुना राजा पुरलाय म्हणतात. किनाऱ्यावर मांत्रिक बाया त्याच्यापुढे घंटा बडवत होत्या आणि नैवेद्याच्या भातावर सीगल तुटून पडत होते. आज्या फोटोसाठी ओळीने उभ्या राहिल्या. जोम-सुन सरळ पट्टीवालीसमोर जाऊन उभी राहिली.

"ओळखलंस?"

ती बाई बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"तू... सहलीला मागे राहिलेली?"

"मागे राहिलेली नाही, मागे ठेवलेली! गुरुजींसमोर बोट कोणी दाखवलं?"

"मी." ती हळूच म्हणाली. "तू काही केलं नव्हतंस. मला माहीत होतं."

"माहीत होतं?" जोम-सुन किंचाळली. आज्यांच्या पोझ मोडल्या. "माहीत होतं आणि तरी?"

"गुरुजी म्हणाले, नाव सांग, नाहीतर मॉनिटर म्हणून तूच घरी थांब. मी घाबरले. समोर तू दिसलीस. बस सुटली तेव्हा तू पावसात फाटकापाशी उभी होतीस. मागच्या काचेतून बघत होते मी तुला."

"बस कुठली, भवाने? आगगाडी होती! आणि कडक ऊन होतं! माझ्या जन्माचं वाटोळं केलंस आणि तुला तेवढंसुद्धा धड आठवत नाही?"

"मला पाऊसच आठवतो बाई. रोज आठवतो. मार मला, हवं तर."

जोम-सुनने मारलं. टोप उडून वाळूत पडला. त्याखालचे पांढरे, विरळ केस वाऱ्यावर भुरभुरू लागले. ती बाई गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिने काही केलं नव्हतं. मी खोटं बोलले होते. ऐका गं, मी खोटं बोलले होते!"

जोम-सुनला वाटलं होतं, या शब्दांनी जीव शांत होईल. पण आधी रडू आलं, मग त्या रडण्याचाच राग आला, आणि मग सपाटून भूक लागली. तिने त्या बाईला दंडाला धरून उठवलं, टोप झटकून तिच्या डोक्यावर बसवला. दोघी कठड्यावर बसल्या. पट्टीवालीने डबा उघडून किंबापच्या भातगुंडाळीचा पहिला तुकडा तिच्या तोंडात घातला. जोम-सुनने तो खाल्ला.

तेवढ्यात फोन वाजला. पिल-ने होती.

"अगं, आहेस कुठे? आम्ही सगळ्या तासभर देवळाच्या पायऱ्यांवर फोटोसाठी खोळंबलोय! आणि ऐक ना गंमत. मॉनिटर ही इथे माझ्या शेजारीच उभी आहे. तिला म्हटलं, जोम-सुन येतेय, तर मलाच विचारते, कोण जोम-सुन?"